माझा डोळा कुणी नेला

भिंतीवरच्या दोन लाकडी खुंट्यांवर आडवी निजलेली दिसते ना, ती मी. मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. पण नुसती रायफल म्हणाल तर मला राग येईल. मी स्नायपरची रायफल. गवतात लपायचं, दम धरायचा, पापणी न हलवता वाट बघायची आणि एकच गोळी झाडायची, हे माझं काम होतं. आता नळीला आरपार भोक पाडलंय, आतली घोड्याची पिन काढून घेतलीय. माझ्यानं आता चिमणीसुद्धा मरणार नाही. कोल्हापूरहून गारगोटीला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. घरटी एक माणूस पलटणीत, असं हे गाव. इथल्या माजी सैनिकांच्या शस्त्रदालनात मी राहते.

म्हातारपणी माया वाढते म्हणतात. माझी नाही वाढली. वाढला तो राग. तो का वाढला आणि मी तो कसा फेडून घेतला, ते तुम्हाला सांगते. पण आधी माझं घराणं ऐका, कारण राग आमच्या घराण्यातच आहे.

माझ्या आज्या-पणज्या गुळगुळीत नळीच्या होत्या. गोळी नळीत आपटत, धडपडत बाहेर पडायची आणि पुढं कुठं जाईल ते देवालाच ठाऊक. म्हणून तेव्हाचे शिपाई ओळीनं उभे राहून एकदम बार काढायचे. एकाची चुकली तर दुसऱ्याची लागेल, एवढाच हिशेब. मग कुणा हुशार माणसानं नळीच्या आतून पीळदार खाचा पाडल्या. दोराला द्यावा तसा गोळीला पीळ मिळाला, ती भोवऱ्यासारखी गरगरत निघाली आणि सरळ जायला शिकली. पुढं इंग्लंडात एकानं नळीचं पोटच सहा कोनांचं केलं, मधमाशीच्या घरासारखं. त्या रायफली अमेरिकेतल्या यादवी युद्धात गेल्या आणि तोफेपाशी उभ्या राहिलेल्या माणसांना इतक्या लांबून टिपू लागल्या, की बार कुठून झाला तेही कळेना.

आमचं ‘स्नायपर’ हे नाव मात्र आपल्याच मातीतलं आहे बरं का. थंडीत तळ्याकाठी पाणलावा नावाचा पक्षी येतो, तो तुम्ही पाहिला असेल. मातकट अंगाचा, लांब चोचीचा. चिखलात बसला तर चिखलच दिसतो आणि उठला की असा वेडावाकडा उडतो की नेम धरणाऱ्याची मान अवघडावी. इंग्रजीत त्याला ‘स्नाइप’ म्हणतात. हिंदुस्थानातले इंग्रज साहेब त्याच्या शिकारीला जायचे. ज्याला पाणलावा टिपता आला तो स्नायपर. पक्षी बिचारा मेला आणि नाव आम्हाला मिळालं.

पहिल्या महायुद्धात माणसं खंदकांत राहू लागली. तेव्हा जर्मनांनी रायफलींवर दुर्बिणी चढवल्या. खंदकातून डोकं वर काढलं की माणूस पडायचा. बिडी पेटवली की पडायचा. इंग्रजांनी दात खाल्ले, साहेबांच्या शिकारीच्या रायफली मागून आणल्या, नेमबाजांची शाळा काढली आणि तिकडची डोकी पाडायला सुरुवात केली. बघा मित्रांनो, आमचं घराणं असं वाढलं. एकानं मारलं म्हणून दुसऱ्यानं त्याहून लांब बघणारी केली. दुसऱ्यानं मारलं म्हणून पहिल्यानं त्याहून लांब मारणारी. आमच्या प्रत्येक पिढीच्या बारशाला कुणाचा तरी सूड पाहुणा होता.

मी दुसऱ्या महायुद्धातली लेक. कारखान्यात आम्हा बहिणींना एकेक करून झाडून बघितलं. जिच्या गोळ्या एकमेकींच्या अंगाला अंग लावून बसल्या, तिला बाजूला काढलं. त्यांत मी होते. माझ्या डाव्या कुशीत दोन पोलादी बैठकी बसवल्या. दस्त्यावर गाल टेकायला लाकडाची उशी दिली. आणि मग माझी दुर्बीण आणली. काळी, वीतभर लांब, पितळेच्या अंगाची. एकेका रायफलीला तिचीच एक दुर्बीण जुळवायचे. दोघींना एकत्र झाडून, पुन्हा पुन्हा स्क्रू हलवून, माझी नळी जिथं बघते तिथंच तिच्या काचेतली नेमाची काडी बघेल असं केलं, आणि मग तिचा नंबर माझ्या मानेवर ठोकला. दस्ता जिथं मुठीत धरतात, तिथं. लग्नात हातावर गोंदवावं तसं. त्या दिवसापासून ती दुसऱ्या कुणाची नाही आणि मी दुसऱ्या कुणाची नाही.

इटलीच्या डोंगरात मला मराठा पलटणीतल्या पोरांनी वाहिलं. देश स्वतंत्र झाला, साहेब गेले, मी राहिले. आणि एकाहत्तरच्या लढाईत मला सयाजी मिळाला.

सयाजी ह्याच गावचा. मिसरूड फुटलेलं, बोलणं कमी. स्नायपर कधी एकटा नसतो, मित्रांनो. एक गोळी झाडतो, दुसरा शेजारी पडून मोठ्या दुर्बिणीतून बघतो, वारा सांगतो. सयाजीचा जोडीदार गुंडू. तो आजऱ्याकडचा, तोंडानं भारी वाह्यात. सयाजी गवतात पडला की ओठांतल्या ओठांत आईच्या जात्यावरची ओवी म्हणायचा. त्यानं त्याचा श्वास संथ व्हायचा.

शिपाई माझं बाळ | निजलं गं गवतात
वाऱ्या रं, हळू जाय | नको बोलू पानापानात

“म्हण म्हण,” गुंडू कुजबुजायचा, “ऐकून शत्रू बी झोपतोय बघ.”

एका सकाळी गुंडूनं वारा सांगायला बोट वर केलं आणि त्याचं बोलणं अर्ध्यात तुटलं. समोरच्या बाभळीत कुणीतरी आमच्यासारखाच बसला होता. सयाजीनं गुंडूचे डोळे मिटले आणि मला छातीशी घेतलं. त्यानंतर तो दिवसभर हलला नाही. उन्हानं माझं पोलाद पोळत होतं, त्याच्या गालावर मुंग्या चढत होत्या. माझ्या दुर्बिणीतल्या टोकदार काडीपुढं ती बाभूळ होती, आणि आम्ही दोघं तिची पानं वाचत होतो. कलत्या उन्हात एक पान वाऱ्याच्या उलट हललं. सयाजीनं बोट दाबलं.

बाभळीतून माणूस खाली आला. मला वाईट वाटलं असं सांगू का? तुम्ही लहान आहात म्हणून खोटं बोलणार नाही. मला बरं वाटलं.

मुक्कामावर आल्यावर सयाजीनं चहाला उकळलेलं पाणी आधी माझ्या नळीत ओतलं. आमच्या काडतुसांच्या दारूनं नळी आतून गंजते, ती गरम पाण्यानं लगेच धुवावी लागते. स्वतः तो त्या रात्री चहाशिवाय निजला. त्या दिवशी मी दोन गोष्टी शिकले. सूड गप्प बसून घ्यायचा असतो. आणि ज्याला आपली काळजी आहे, त्याला जपायचं असतं.

पुढं नव्या आल्या. रशियाची ड्रॅगुनोव्ह आली; बारीक अंगाची, एक गोळी सुटली की दुसरी आपोआप चढवणारी. मला प्रत्येक गोळी चढवायला हातानं बोल्ट ओढावा लागे, तिला नाही. आता तर सरहद्दीवर फिनलंडच्या पोरी आल्यात म्हणे. मी सहाशे पावलांवर दमायचे, त्या किलोमीटरच्याही पलीकडचं मारतात. अंतर यंत्र मोजतं, वारा यंत्र सांगतं, अंधारात माणसाच्या अंगाची ऊब दिसते. पण एक गंमत बघा, त्यांचाही बोल्ट पुन्हा हातानंच ओढायचा. लांबच्या नेमाला शेवटी म्हातारीचीच रीत कामाला आली.

माझी चाकरी संपली. नळीला भोक पाडून मला ह्या गावाला दिलं, दुर्बिणीसकट. सयाजी सुभेदार होऊन परतला होता, पिकल्या मिशांचा. दालनाची देखभाल त्याच्याकडं आली. आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडाला आणि खंडेनवमीच्या आधी, स्कूटरवरून येऊ लागला महंमद शिकलगार.

शिकलगार म्हणजे हत्यारं उजळणारी माणसं. महंमदचं घर गारगोटीत, बाजाराच्या मागं. त्याच्या पणज्यापासून ह्या टापूतल्या तलवारी, कुऱ्हाडी, विळे ह्याच घरात उजळले. महंमद मला मांडीवर घ्यायचा, जुन्या मलमलीच्या चिंधीवर तेलाचा थेंब घ्यायचा आणि बाळाच्या कानामागं पुसावं तसं पुसायचा. दुर्बिणीच्या काचेवर तर आधी नुसता श्वास सोडायचा. “म्हातारे, दिसतंय का नीट?” असं विचारायचा. मी मेलेली रायफल, पण त्याच्या हातात मला जिवंत वाटायचं.

दालनाचा अध्यक्ष धैर्यशील पाटील. दालनाची जागा त्याच्या वडिलांनी दिलेली, म्हणून खंडेनवमीला मी त्यांच्या बंगल्यावर जायचे आणि त्यांच्या घराण्याच्या तलवारीशेजारी चौरंगावर बसायचे. दसऱ्याला संध्याकाळी दालनापुढच्या माळावर तीच तलवार उपसून धैर्यशील आपट्याच्या फांदीला लावायचा, मग गाव सोनं लुटायचं. ती तलवार महंमदनं अशी उजळलेली असायची की तिच्यात बघून मिशी कापून घ्यावी.

एका उन्हाळ्यात महंमद मला पुसत बसला असताना धैर्यशील आला. सयाजी पाणी आणायला गेला होता.

“महंमद, ही दुर्बीण माज्या बंदुकीवर बसवून दे की. रातच्याला उसात गवं उतरत्यात, डुकरं येत्यात. मज्जा ईल.”

“दादा, ती हिची हाय,” महंमद मान वर न करता म्हणाला. “दुसऱ्या अंगावर बसायची न्हाय. आन् बसली तरी मी बसवायचो न्हाय.”

“मेलेल्या बंदुकीला डोळा कशाला रं?”

“मेलेल्या माणसाचा बी काढत न्हाय की आपण.”

धैर्यशील हसला. त्याच्या हसण्यात हसू नव्हतं.

दोन दिवसांनी भर दुपारी तो एकटाच आला. चावी त्याच्याकडंही होती. माझ्या दुर्बिणीचे स्क्रू अंगठ्यानं फिरवायचे असतात, त्यांना पाना लागत नाही. लढाईत पाना कुठं शोधणार? त्यानं दोन स्क्रू फिरवले, माझ्या कुशीतून तिला ओढलं आणि मफलरमध्ये गुंडाळून शर्टाखाली घातलं. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर छप्पर उडालं असतं.

सयाजीला कळलं ते संध्याकाळी झाडू मारताना. पंचाईत बसली. माळावर माणसं जमली. पावसाळ्याआधीचं उरलेलं काम करायला महंमद नेमका त्याच दिवशी गावात आलेला.

“शिकलगारच हात लावून गेलता की परवा,” धैर्यशील मोठ्यानं म्हणाला. “असलं नाजूक काम त्याच्याबिगर कुणाला येतंय? सांगा की!”

“दादा!” महंमद पुढं आला. “चार पिढ्या झाल्या ह्या गावात. सुई न्हाय उचलली.”

“मग पिशवी दाव.”

त्याच्या हातून पिशवी ओढून मातीत उपडी केली. कानशी, पॉलिश कागद, चिंध्या, विड्याचं पान बांधलेली पुडी. दुर्बीण नव्हतीच. तेलाची बाटली कुणाच्या तरी पायानं कलंडली आणि मातीत तेलाचा काळा डाग पसरला. “इकली आसंल कोल्हापुरात,” कुणीतरी मागून म्हणालं, आणि माणसं हसली.

महंमदनं सयाजीकडं बघितलं. सयाजीला माहीत होतं, की ते स्क्रू शाळेतल्या पोरालाही निघतील. एक वाक्य बोलायचं होतं. पण जागा पाटलांची होती, दालन पाटलांच्या मर्जीवर होतं, आणि सुभेदार सयाजी मिशीवर हात ठेवून मुका उभा राहिला. बाभळीतलं एक पान उलटं हललेलं ज्याला कळलं, त्यानं त्या दिवशी दहा हातांवरचा माणूस ओळखला नाही. मी त्याच्यावरही दात धरला.

महंमदनं एकेक कानस पुसून पिशवीत भरली. मग तो कुणाकडंही न बघता गेला.

गावोगाव बोभाटा झाला. खंडेनवमीच्या आधी महंमदच्या दारात हत्यारांची रांग लागायची. आता कुत्रं फिरकेना. ज्याच्या हातात लोकांच्या घरातली हत्यारं द्यायची, तो चोर म्हटल्यावर कोण देणार? शिकलगाराकडं विश्वासाशिवाय भांडवल काय असतं? गारगोटीच्या बाजारात त्याची बायको ताजबी भाजी घ्यायला गेली, तर भाजीवाली म्हणाली, “पैसे आधी दे हं, ताजबी.” ताजबीनं भाजी परत टोपलीत ठेवली. हे मला सयाजीच्या तोंडून कळलं. तो मला पुसताना आपल्याशीच बोलायचा. मला त्याचं बोटसुद्धा नको वाटायचं.

डाव्या कुशीत नुसता वारा होता. पावसाळाभर मी भिंतीवर पडून ओवी म्हणत होते, मनातल्या मनात.

ज्यानं नेला माझा डोळा | त्याला झोप ना लागावी
उशाखाली लोखंडाची | धार रातभर टोचावी

मी वाट बघत थांबले. थांबायला मला कुणी शिकवायला नको होतं.

आता धैर्यशीलच्या आईची गोष्ट सांगते. धोंडुबाई. ठसठशीत कुंकू, ठसठशीत बोलणं. आदल्या वर्षी खंडेनवमीला ट्रॅक्टरची पूजा राहून गेली आणि कार्तिकात तो बांधावरून उलटला, नशिबानं माणूस वाचला. तेव्हापासून म्हातारीनं मनाशी घेतलं, की घरातलं लोखंड पूजेवाचून राहिलं की रुसतं. म्हणून ह्या वर्षी पहाटेच तिनं कमरेच्या किल्ल्यांनी एकेक कुलूप उघडून घर पालथं घातलं. धैर्यशील पाहुण्यांना आणायला कोल्हापूरला गेलेला.

सयाजीनं मला नेऊन चौरंगावर ठेवलं. शेजारी काय नव्हतं! तलवार, धैर्यशीलची बंदूक, उसाचे कोयते, कुऱ्हाड, पंपाचा पाना, नांगराचा फाळ, विळी, अडकित्ता, सुनेचा मिक्सर.

“आत्याबाई, मिक्सर बी हत्यार व्हय?” सयाजीनं विचारलं.

“पातं हाय का न्हाय त्याला? मग झालं तर. औंदा मी कायबी सोडायची न्हाय.”

झेंडूच्या माळा पडल्या. गावची माणसं पूजा बघायला आली, ओसरी भरली. म्हातारी आत गेली आणि पदराखालून काहीतरी घेऊन आली. हळदीची पाच बोटं, कुंकवाची पाच बोटं, आणि ते तिनं माझ्या अगदी डाव्या अंगाला, माझ्या कुशीला टेकवून ठेवलं.

काळी. वीतभर. हळदीनं माखलेली.

माझं पोलाद थरथरलं नसेल. मेलेलं पोलाद थरथरत नाही. पण मला विचाराल तर थरथरलं.

हळदीच्या बोटांनी गं | आई उघडिते चोरी
पोटचा तो ल्योक येतो | हसत हसत दारी

दारात गाडी थांबली. धैर्यशील पाहुण्यांना घेऊन मोठमोठ्यानं बोलत आत आला.

“आलास व्हय बाळ?” धोंडुबाई कौतुकानं म्हणाली. “तुज्या कपाटातली ती मफलरातली नळी बी पुजली बघ. औंदा कायबी सुटलं न्हाय.”

घंटा वाजवणाऱ्याचा हात वरच राहिला.

“आई,” धैर्यशील पांढरा पडून म्हणाला, “तुला कपाट उघडायला कुणी सांगितलं?”

एवढंच तो बोलला. आणखी काही बोलायची गरजच उरली नाही.

सयाजी वाकला. दुर्बिणीच्या अंगावरची हळद त्यानं अंगठ्यानं पुसली, मग माझ्या मानेवरची. दोन्हीकडचे आकडे त्यानं मोठ्यानं वाचले, एकदा इथले, एकदा तिथले. आकडे तेच होते. मग त्यानं तिला माझ्या कुशीत बसवलं आणि सगळ्यांना दिसेल असे दोन्ही स्क्रू नुसत्या अंगठ्यानं फिरवले.

“बघा,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “पाना लागत न्हाय. कारागीर लागत न्हाय. मला तवाबी ठावं हुतं. मी बोललो न्हाय.”

मला माझा डोळा मिळाला. आणि मित्रांनो, त्या क्षणी मला एकच हवं होतं. सयाजीनं माझं तोंड एकदाच त्या दारातल्या माणसाकडं वळवावं. गोळी नव्हती, पिन नव्हती, तरी हवं होतं. त्या टोकदार काडीवर मला त्याची छाती बघायची होती. पण सयाजी शिपाई होता. त्यानं माझं तोंड छताकडंच ठेवलं.

“सणाचा दिस हाय,” पाहुण्यांतला एकजण म्हणाला. “घरातलं घरात मिटवा की.”

“माळावर वतलेली पिशवी घरात कशी मिटंल?” म्हणत धोंडुबाई उठली. “सयाजी, गाडी काढ. मला गारगोटीला ने.”

सयाजीनं मलाही सोबत घेतलं. ताजबीनं दार उघडलं तेव्हा म्हातारी उंबऱ्यात उभी होती, कपाळाचं कुंकू घामानं ओघळलेलं.

“ताजबी, माज्या पोटच्या पोरानं शेण खाल्लं गं,” ती म्हणाली.

ताजबीनं चटई अंथरली. “बसा, मावशी. च्या घ्या. तुमच्यावर राग न्हाय माजा.” कप पुढं सरकवून ती म्हणाली, “पर माफी हितं घेणार न्हाय मी. पिशवी वतली तिथंच पायजे. तीच माणसं पायजेत. हसली ती समदी.”

महंमद कोपऱ्यात बसून होता. त्यानं माझ्याकडं हात केला. सयाजीनं मला त्याच्या मांडीवर दिलं. त्यानं काचेवर श्वास सोडला, पुसलं, आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

दसऱ्याला माळ भरला. धैर्यशील पुढं झाला. मी दालनाच्या उघड्या दारातून बघत होते. आता मला दिसत होतं.

“झालं ते चुकून झालं,” तो पायाकडं बघत म्हणाला.

“हात चुकून जातोय, दादा,” ताजबी गर्दीतून बोलली. “कपाटाचं कुलूप चुकून लागत न्हाय.”

कुणी हसलं नाही. धैर्यशीलला पुन्हा बोलावं लागलं. ‘मी चोरली’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघायला केवढा वेळ लागला! ‘महंमदवर आळ घेतला’ म्हणायला त्याहून जास्त. कुणीतरी पोलिसांचं नाव काढलं. महंमदनं मान हलवली.

“नगं. दंड भरंल, सुटंल, आन् विसरंल.”

तो एवढंच बोलला. काहींना वाटलं, त्यानं सोडून दिलं. मला मात्र ते गप्प बसणं ओळखीचं वाटलं. दिवसभर न हलता पडून राहणाऱ्या माणसाचं ते गप्प बसणं होतं.

हत्यारांची रांग पुन्हा महंमदच्या दारात लागली. कोयते आले, विळ्या आल्या, शेजारच्या गावच्या तलवारी आल्या. पाटलांच्या घरूनही गडी तलवार घेऊन आला. महंमदनं गड्याला पाणी दिलं, तलवारीकडं बघितलं नाही. “सवड न्हाय,” म्हणाला. गडी कोल्हापूरला गेला. तिथल्या एका शिकलगारानं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि त्यालाही सवड नव्हती. दुसऱ्यालाही नव्हती. सवड कुणालाच नव्हती. मग धैर्यशीलनं स्वतःच तलवारीला खोबरेल फासून ती ओल धरलेल्या म्यानात ठेवून दिली. कुणी शहाणा असता तर सांगितलं असतं, की ओल्या म्यानात हत्यार ठेवत नाहीत. सांगणारा होता, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी पाऊस लांबला. मी भिंतीवर कोरडी, तेल लावलेली, दोन्ही अंगांनी पुरी अशी होते, आणि ऐकत होते. गंजाला आवाज नसतो म्हणतात. मला यायचा.

पुढचा दसरा आला. आदल्या दिवशी तलवार म्यानासकटच पुजली होती. माळावर आपट्याची फांदी रोवली. धैर्यशील फेटा बांधून पुढं आला. त्यानं मूठ धरली, ओढली. तलवार हलली नाही. पुन्हा ओढली. म्यान दोघांनी धरलं, तिघांनी धरलं. पोरं खुदखुदू लागली. आतून खर्र असा आवाज आला, जसं काही म्हातारं दात खातंय. धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला.

गावाच्या माना आपोआप एकीकडं वळल्या. महंमद तिथंच उभा होता, धुवट सदऱ्यात. त्याला ठाऊक होतं कुठं तेल सोडायचं, कुठं ऊब द्यायची, केवढ्या हातानं ठोकायचं. सगळ्यांना ठाऊक होतं, की त्याला ठाऊक आहे.

धैर्यशील घामेजून त्याच्यापुढं आला. तलवार दोन्ही हातांवर आडवी. आवाज खाली.

“महंमद, बघ की जरा. गाव थांबलंय.”

महंमदनं तलवारीकडं बघितलं. मग वर, त्याच्या तोंडाकडं. असं शांत बघितलं, जसं रस्त्यानं जाणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाकडं बघावं.

“कुठलं म्हणायचं पावणं तुमी?” त्यानं विचारलं.

ज्याच्या वडिलांनी ही जमीन दिली, तो ह्याच मातीवर उभा होता, आणि त्याला आपलं गाव सांगता येईना. महंमदनं थोडा वेळ वाट बघितली, मग नमस्कार करून बाजूला झाला.

एका ऊसतोड बाईनं आपला कोयता पुढं केला. महंमदनंच लावलेली धार होती. सयाजीनं तो आपट्याच्या फांदीला टेकवला आणि गावानं सोनं लुटलं.

मित्रांनो, मी सैनिकाची रायफल आहे. तुम्ही कुणावर बंदूक उगारावी असं मी कधीच सांगणार नाही. मी झाडलेली प्रत्येक गोळी कुणाच्या तरी घरी पोचली आहे, आणि तिथली चूल मला दिसत नाही म्हणून ती विझली नसेल असं नाही. पण माझ्याकडून कुणी क्षमेचं गाणं ऐकायला आलं असेल, तर त्यानं दुसऱ्या भिंतीकडं बघावं. मी त्या तलवारीचं अडकणं अजून रोज आठवते आणि मला रोज बरं वाटतं. तुमच्या घरातलं लोखंड जपा. त्याला वेळच्या वेळी तेल लावा, कोरडं ठेवा. आणि जी माणसं तुमच्यासाठी हे करतात, त्यांची पिशवी कुणी मातीत ओतत असेल तर मिशीवर हात ठेवून उभे राहू नका. तीही माणसं थांबू शकतात. आणि एक दिवस, तुमच्याच गावात, तुम्हाला पावणं म्हणू शकतात.